उठायच्या आधी डिटॅच!

एका लांब टेबलाला आठ बायका दिवसभर बसवल्या की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात! मरोळच्या आमच्या कारखान्यात आम्ही इलेक्ट्रॉनिकचे नाजूक भाग जोडायचो. अंगातली वीज लागून ते जळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा आणि पट्ट्याची वायर टेबलाला. सुपरवायझर फर्नांडिसबाईंचा मंत्र एकच, "उठायच्या आधी डिटॅच!"

*

माझा पहिला दिवस. चहाची बेल झाली, मी तडक उठले, आणि वायरचा हिसका बसून परत स्टुलावर! सगळ्या खो खो हसल्या.

नवऱ्याची गिरणी संपात बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. म्हटलं, वाट लागली, गेली नोकरी!

बाईंनी वायरची पिन माझ्या बोटांत दिली. "बघ, खेचून काढलं ते तोडणं. हलकेच सोडवलं, परत लावता आलं, ते डिटॅच. रडतेस काय? चहा पी." आपल्या कपातला अर्धा चहा त्यांनी मला दिला.

*

वेसाव्याची मंदा एकदा ऐटीत म्हणाली, "बाई, आज सकाळीच बोंबलांची डोकी डिटॅच केली!"

"परत लावता येतील?"

"नाय!"

"मग ते डिटॅच नाही, मंदा. तो खून आहे!"

*

मालवणची शालन निघाली की तिचा धाकटा पायाला मिठी मारायचा. एकदा घाईत ती सासूला ओरडली, "आये, ह्येका डिटॅच कर गे!" सासूला इंग्रजीचा गंध नाही, पण तिने पोराला अलगद उचलून कडेवर घेतलं!

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हे करेक्ट! संध्याकाळी परत चिकटतो ना?"

*

त्या टेबलाचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. का, ते सांगते.

नवीन मॅनेजर आला. म्हणाला, इंग्रजी सूचना कळतील तिलाच पर्मनंट करणार. बाकी सगळ्या पर्मनंटच होत्या, टेम्पररी मी एकटी!

सगळ्यांदेखत त्याने मला विचारलं, "व्हॉट इज द मीनिंग ऑफ डिटॅच?"

अर्थ येत होता हो, पण तो इंग्रजीत कसा सांगू? मी बाईंकडे पाहिलं. बाईंना मध्ये बोलायची त्याने मनाई केली होती.

तेवढ्यात मंदा उठली. पिन हलकेच काढली आणि हातात धरून उभी राहिली. मग शालन उठली. मग एकामागून एक सगळं टेबल! काम ठप्प.

संपाचे दिवस ते. मॅनेजरला घाम फुटला. "ओके, ओके! समझ गया! बैठो सब!"

एकही बसली नाही.

फर्नांडिसबाईंनी मला पर्मनंट करायचा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. "सर, ॲन्सर करेक्ट आहे ना?"