डोहाळ्याची माती

माझ्या दोन्ही खेपांना मी नदीची माती खाल्ली. आमच्याकडच्या निम्म्या बायका खायच्या, फक्त कुणी बोलायचं न्हाई. काठचा काळा गाळ आणायचा, वड्या थापून वाळवायच्या, तव्यावर भाजायच्या अन् पदराआड कुडुमकुडुम चावायच्या. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं.

सुनेला तिसरा महिना लागला. जाफराबादची पोर, शिकलेली, पण अबोल. एकदा मी अंगणात सडा टाकला तर तिनं डोळे मिटून वास घेतला. बस्स, मला कळलं! पोरीला माती हवीय अन् लाजून सांगत न्हाई. दुसऱ्याच दिवशी टोपलं घेऊन मी नदीवर गेले.

तिथं फार शांत होतं. पाणी चांगलं नितळ, तरी काठावर एक बगळा न्हाई. खेकड्यांची बिळं न्हाईत. पूर्वी गाळात हात घातला की गोगलगायी, शिंपले हाताला लागायचे. आता नुसता लोण्यासारखा गाळ, अन् बोटांवर मोरपंखी तवंग. अंगावर काटा आला. पण मी काय केलं? मनाशी म्हटलं, बरं झालं, किडामुंगी न्हाई, माती बिलकुल स्वच्छ आहे. अक्कल गहाण ठेवली होती मी.

चार महिने वड्या भाजल्या. तव्यावर टाकल्या की घरभर वेल्डिंगच्या दुकानासारखा वास सुटायचा. दारातल्या म्हशीनं एकदा टोपलं हुंगलं अन् दावं ताणून मागं सरली. तिला कळलं, मला कळलं न्हाई. मी समोर बसून खायला लावायचे अन् सून खाली मान घालून खायची.

सातव्या महिन्यात नदीवर कॉलेजातली एक मुलगी दिसली. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून ती तळाचा गाळ बाटल्यांत भरत होती. शेजारी मी उघड्या हातांनी तोच गाळ टोपल्यात भरत होते. कशाला नेता, तिनं विचारलं. चूल सारवायला, मी खोटंच सांगितलं. मंग तिनं समजावलं. वर शहराकडं लोखंडाच्या भट्ट्या, जुन्या बॅटऱ्या फोडायची कामं. त्यातलं शिसं पाण्यासंगं येतं अन् तळाशी बसतं. पाणी पुरात निघून जातं, गाळ मात्र धरून ठेवतो. आधी तळातले जीव मरतात, मंग मासे, मंग त्यांच्यावर जगणारी पाखरं निघून जातात.

"मावशी, हात चांगले धुवा," ती म्हणाली. "हे तोंडात जाता कामा नये."

टोपलं तिथंच टाकून मी घरी आले.

तपासणीत सुनेच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, माती आजपासून बंद, इलाज करू, पण बाळाचं आत्ता काही सांगता येत न्हाई. ते जन्मल्यावर, वाढायला लागल्यावरच कळेल.

परतताना जीपमध्ये मी तिचा हात धरून रडले. लोक बघत होते, बघू देत. म्हटलं, मीच तुझी वैरीण निघाले गं पोरी, तुला आवडते म्हणून आणत गेले.

तिनं दुसरा हात पोटावर ठेवला. मंग हळूच म्हणाली, "मला कधीच आवडली न्हाई, आई. तुम्ही एवढ्या हौसेनं आणायच्या, न्हाई कसं म्हणू?"