सिनिवाच्या वाटणीचं कोंबडं

टेलेसियाबाईंच्या तोंडी लागायला उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सहसा कुणी धजावत नसे. सव्वीस वर्षं त्यांनी इस्पितळात मधुमेहाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, अशी टप्प्याटप्प्यानं कापली जाणारी माणसं त्यांनी पाहिली होती, आणि त्यातली निम्मी त्यांच्या ओळखीची होती. नवराही त्यातच गेला. निवृत्तीनंतर क्रीडा मंडळानं वेटलिफ्टिंगच्या मुलींना आहार शिकवायला बोलावलं, तेव्हा बाई शिकवायला नाही, सूड उगवायलाच गेल्या म्हणा ना.

पत्र्याच्या हॉलमध्ये सगळ्या मुलींना समोर बसवून त्या तोंडाचा पट्टा सुरू करत. "तारोचे कंद आणि नीरफणस खाऊन पोट भरतं, मांडी भरत नाही! आणि सरावाला येताना कोरड्या नूडल्स चघळणारी भवानी कोण? ये, पुढे ये. पोट आहे का उकिरडा?" मुली खिदळत, पण ऐकत. मंडळाकडून दर आठवड्याला प्रत्येक मुलीच्या घरी कोंबडी, अंडी आणि डब्यातले मासे जात. काय खाल्लं ते मुलींनी वहीत लिहायचं आणि बाईंनी खाली सही करायची, असा शिरस्ता होता.

सगळ्यात नेटकी वही सिनिवाची. सतरा वर्षांची ही पोरगी मालाए यांची मुलगी. मालाए म्हणजे गावातल्या एका मोठ्या घराण्याचे मताई, म्हणजे कुळाचे प्रमुख, त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं पानही हलत नसे. ऑकलंडला दोन वर्षं राहून वेटलिफ्टिंग शिकायची एकच जागा होती, आणि निवड चाचणीत नव्वद किलो उचललं की ती सिनिवाची होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण गेले दोन महिने पोरगी उतरत चालली होती. पंच्याऐंशीला गुडघे लटपटायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. बाईंनी पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरंफटक.

"वही पैलवानाची आणि अंग चिमणीचं!" बाई कडाडल्या. "खोटं लिहितेस होय गं?"

"नाही बाई," सिनिवा मान खाली घालून म्हणाली. "हे सगळं घरात शिजलंय."

बाईंना तेव्हाच उमगायला हवं होतं. पण रागाच्या भरात त्यांनी वही तिच्या हातात आदळली आणि दुसरीला बोलावलं.

त्या रविवारी मालाएंनी बाईंना जेवायला बोलावलं. चर्च सुटल्यावर चटईवर पंगत बसली: मालाए, पाळकसाहेब आणि पाहुण्या म्हणून बाई. सकाळपासून तापवलेल्या दगडांवर भाजलेली कोंबडी आली, नारळाच्या दुधात शिजवलेली तारोच्या पानांची पालुसामी आली, उकडलेली अंडी आली. सिनिवा शेजारी बसून ताटांवरच्या माश्या वारत होती.

"घ्या बाई, तंगडी घ्या," मालाए मायेनं म्हणाले. "तुमच्यामुळे तर हे घरात येतंय."

"पोरगी वजन उचलते आणि वजन आमचं वाढतं!" पाळकसाहेबांनी पोटावरून हात फिरवला. सगळे हसले. सिनिवाही हसली.

बाईंनी हातातली तंगडी ताटात ठेवली. आधी मोठी माणसं आणि पाहुणे, मग पोरंटोरं, ही रीत त्यांना कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः पोरवयात अशाच माश्या वारून उरलंसुरलं जेवल्या होत्या. आता वयोमानानं पहिलं ताट मिळू लागलं, तर मागे बसलेल्यांना काय मिळतं हे त्या साफ विसरल्या होत्या. वहीत पोरीनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. घरात शिजलेलं अन्न घराचं, त्यात माझं वेगळं ते काय लिहायचं, असं तिचं सरळ गणित.

"मालाए, हे हिनं खायला हवं हो," बाई म्हणाल्या.

"खाते की! आमचं झालं की मग सगळं तिचंच."

ताट सारून उठणं म्हणजे यजमानाच्या मुस्काटात मारणं. बाईंनी तंगडी संपवली. हात धुवायला मागे गेल्या तेव्हा सिनिवा धाकट्या भावंडांबरोबर बसली होती. ताटात तारो, रस्सा आणि मानेचं हाड.

दुसऱ्या दिवसापासून बाई घरून अंडी उकडून आणू लागल्या. "इथं, माझ्यासमोर खा."

सिनिवानं एक घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा अजून जेवले नसतील, बाई. त्यांच्याआधी घशाखाली उतरत नाही."

"बाबा नव्वद किलो उचलणार आहेत का गं?"

तिनं कसंबसं अर्धं अंडं गिळलं. उरलेलं कमरेच्या लुंगीच्या गाठीत बांधलं. बाई दोनदा मालाएंच्या दारापर्यंत गेल्या, दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परतल्या. वॉर्डात मोठमोठ्या डॉक्टरांना फैलावर घेणारी बाई एका चटईपुढे शेपूट घालते, ह्याची त्यांची त्यांनाच चीड येत होती. आणि दर शुक्रवारी त्या वहीवर सही मात्र करत राहिल्या.

चाचणी शनिवारी सकाळी झाली. सिनिवानं पंच्याऐंशी उचललं. नव्वद तीनदा खांद्यापर्यंत आणलं, तीनदा टाकलं. तिसऱ्या वेळी तीही दांडीबरोबर खाली बसली.

मंडळाचे अध्यक्ष माणूस नियमाचे होते. "पोषण कमी पडलं असेल तर महिन्यानं पुन्हा संधी देता येते," ते वही चाळत म्हणाले. "पण इथं तर रोज कोंबडी, रोज अंडी! टेलेसियाबाई, तुम्ही सांगा. पोरीला खायला मिळत होतं की नाही?"

मागच्या बाकावर मालाए इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, शेजारी पाळकसाहेब. सगळा गाव बघत होता. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न एकच होता: मग खाल्लं कुणी?

"मिळत होतं," बाई म्हणाल्या.

"मग हा निव्वळ आळस," अध्यक्षांनी वही मिटली आणि दुसऱ्या मुलीचं नाव पुकारलं.

बाहेर सिनिवानं बाईंना गाठलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही बाबांची लाज राखलीत. मी कधी विसरणार नाही." ती थोडी घुटमळली. "पण बाई, मी खरंच आळशी आहे का हो?"

बाईंनी तोंड उघडलं. ट्रकपाशी मालाए उभे होते. त्यांनी बाईंना आदरानं मान लववली.

"जा," बाई म्हणाल्या. "बाबा थांबलेत."