दादाचा पालथा कप

टिटवाळ्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी कामवाल्या सुनंदाशी खाड्यांवरून वाद घालत होते. दोन दिवस आली नव्हती, पैसे कापणार होते. "अगं, हे गेले..." वहिनी एवढंच बोलली. मी मोबाइल हातात धरून तशीच उभी. मला पाणी आणून दिलं ते सुनंदानेच.

दादा, माझा मोठा भाऊ, आयुष्यभर कंत्राटी कामगारांसाठी भांडला. डोंबिवली एमआयडीसीत कुठे किमान वेतन मिळत नाही म्हटलं की स्वारी त्या गेटवर हजर, अंगात ताप असला तरी. पण कोपरला माझ्याकडे आला की चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ओट्यावर पालथा घालायचा. मला भारी राग यायचा. "सुनंदा येईल ना रे, तुला कशाला नसती उठाठेव?" तर म्हणायचा, "तू तिला देतेस त्यात माझा कप बसत नाही."

आमच्या बिल्डिंगमध्ये कामवाल्यांचा रेट ठरलेला. कोणी जास्त द्यायचं नाही, नाहीतर बाया डोक्यावर बसतात. हे सगळ्यांच्या गळी मीच उतरवलेलं. दादा शेवटचा आला त्या दिवशी सुनंदाने पगार वाढवून मागितला. खोलीचं भाडं, मुलीची फी... मी म्हटलं, "बिल्डिंगमध्ये विचारून सांगते." दादा हसला. "रेट तूच ठरवलास, आता कोणाला विचारतेस? अगं, किमान म्हणजे ज्याच्या खाली माणसाला जगताच येत नाही ते. तुम्ही त्याच्याही खाली उतरलात." तेही सुनंदासमोर! माझं डोकंच फिरलं. "भाषणं गेटवर कर, माझ्या घरात नकोत," असं बोलून गेले. तो उठला. कप विसळला, पालथा घातला, चपला घालून निघून गेला. मीही नंतर फोन केला नाही. येईल की झक मारत, म्हटलं. नाहीच आला.

आता सुनंदाचा पगार वाढवलाय, खाडेही कापले नाहीत. पण देताना मी काय म्हणावं? "बिल्डिंगमध्ये कोणाला सांगू नकोस हं." तिने मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "ताई, पण बाकीच्या बायांचं काय?" मला लाज वाटली, खूप लाज वाटली. दादा गेला तरी मी चोरूनच देत होते.

बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहायला कितीदा मोबाइल हातात घेतला, धीर झाला नाही. म्हणून इथे लिहितेय. रविवारची पुरवणी आमच्याकडे घरोघरी येते. रेट मी ठरवला होता, मीच मोडतेय. वाचून कोणी भांडायला आलंच तर चहा करीन. कप मात्र ज्याचा त्याने विसळायचा.