शेजारची हजेरी

सातवीच्या बाई म्हणजे एक नंबरच्या लुडबुड्या. पोरं हायस्कुलात गेली की आपलं काम संपलं, असं म्हणून गप्प बसतील तर शपथ. दर वर्षी त्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं डोकं खायच्या. याला पुढच्या बाकावर घ्या, तिला एकदम रागावू नका. निकाल लागला की अख्खा वर्ग घेऊन जायच्या आणि पाण्याची टाकी कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, कुठला जिना चढायचा, सगळं दाखवायच्या. मोठ्या शाळेची हाय खाल्लेली पोरं त्यांनी पाहिली होती.

यंदा त्यांचा जीव शेपटीत अडकला होता. हे नाव पोरांनीच पाडलेलं, कारण ही मुलगी सदा आपल्या मैत्रिणीच्या, चिमणीच्या मागे. चिमणीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू आणि शेपटीच्या तोंडाला कुलूप. हजेरी घेतानासुद्धा शेपटीचं नाव आलं की ती चिमणीकडे बघायची आणि चिमणी ओरडायची, "हजर, बाई." बाईंना गंमत वाटायची. शिवाय वर्गात ही गर्दी, धडे उरलेले. एका मुलीच्या तोंडून शब्द काढत कोण बसणार? मग तेच अंगवळणी पडलं.

म्हणून बाईंनी मुख्याध्यापकांना गळ घातली की दोघींना एकाच तुकडीत, एकाच बाकावर बसवा. त्यांनी ऐकलं. बाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "शेपटीची काळजी मिटली."

"मग आता माझी कर थोडी," नवरा म्हणाला. "भाजीत मीठ नाही."

शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. शेपटीची आई रस्त्यात भेटली. ती कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची.

"बाई, पोर शाळेत जात नाही हो," ती म्हणाली. "चिमणीला नव्या मैत्रिणी मिळाल्या, ती बाक सोडून गेली. त्या लेकराची तरी काय चूक? पण हिला हजर म्हणता येईना. नवे सर चेहरे ओळखत नाहीत, ते मांडत गेले गैरहजर. वर्गात बसून गैरहजर, बाई. शेवटी आम्हाला बोलावलं, तेव्हा कळलं. सरांनी सगळ्यांसमोर हिला उभं केलं आणि म्हणाले, आता बोल. तेव्हापासून अंथरूण सोडत नाही. हे म्हणतात, सोमवारपासून कारखान्यात ने. तिथे बोलावं लागत नाही."

बाईंनी तिचा हात धरला. "मला एकदा भेटू द्या तिला," त्या म्हणाल्या. "ती हजर म्हणाली तर मी स्वतः तिला वर्गापर्यंत पोचवीन."

रविवारी त्या गेल्या. एकच खोली, खिडकीपाशी पलंग. शेपटी उठून बसली, पाय पोटाशी घेऊन. आई दारात उभी राहिली. बाईंनी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, घरातल्या मांजराची चौकशी केली. मग म्हणाल्या, "इथे मी आणि तुझी आई, बस. मी हजेरी घेते, तू फक्त हजर म्हणायचं. घाई नाही."

आणि त्यांनी तिचं खरं नाव घेतलं.

शेपटीने तोंड उघडलं. मान लाल झाली, ओठ थरथरले. मग ती हळूच उजवीकडे वळली, शाळेत चिमणी बसायची त्या बाजूला. तिथे उशी होती. ती उशीकडे बघत राहिली. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि बाईंना ते बघवेना.

"हजर," बाईच म्हणाल्या.

शेपटीचा जीव भांड्यात पडला. पूर्वी वर्गात चिमणीने हजर म्हटलं की हसायची तशी ती बाईंकडे बघून हसली.

बाईंनी तोंडावर हात धरला. दारातली आई आत आली. तिने खुंटीवरची स्वतःची कामावरची जुनी ओढणी काढली आणि मुलीच्या खांद्यावर टाकून बघितली. लांबीला बरोबर होती.