चाळीस प्रश्नांचा वकील

आधी कबूल करून टाकते, नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको. आमच्या शेजारच्या खोलीत हा वकील आला, तेव्हा तो दातांचा डॉक्टर आहे असं मला वाटलं होतं. हसा, खुशाल हसा. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याची खोली यांच्यात एक पातळ भिंत. बाहेरच्या बाकावर माणसं तोंड मिटून बसलेली, आणि आत गेलेला बाहेर येताना गालावर हात ठेवून यायचा. पाटी अजून लागायची होती. मी आपली माझ्या जावेला दाढ दुखते म्हणून त्याच्याकडे पाठवली. त्यानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे विचारलं, "तुमची मुदत कधी संपतेय?" बाई तशीच घरी गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून मी त्याला मुदतभाऊ म्हणते. त्याचं काम म्हणजे परदेशातून आलेल्या माणसांना इथंच राहू द्या म्हणून सरकारी खात्याशी भांडायचं. आणि बहुतेक वेळा हरायचं. टोमणा नाही मारत, झेरॉक्स मीच काढते. अर्ज मंजूर झाला की लोक त्या पत्राची रंगीत प्रत मागतात, भिंतीवर लावायला. माझी रंगीत शाई गेल्या वर्षी डब्यातच वाळून गेली.

तो राहतो थोरल्या बहिणीकडे. ती दुपारी डबा घेऊन आली की दारातच सुरू होते, "अरे, घरांच्या खरेदीखतांची कामं घे. तिथं लोक हसत येतात, हसत जातात."

"घेतो," हा म्हणतो. सतरा वर्षं घेतोय.

एका बाबतीत मात्र तो फार कडक होता. इथल्या बाईशी लग्न केलं तर बाहेरच्या माणसाला राहता येतं. पण लग्न खरं आहे का हे बघायला खात्यातले दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात आणि तेच प्रश्न दोघांना विचारतात. मुदतभाऊकडे अशा चाळीस प्रश्नांची यादी होती. येईल त्या जोडप्याला तो पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवायचा आणि तालीम घ्यायचा. दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा, भिंतीकडे कोण झोपतं, सासूला काय दुखतं. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. मी एकदा घरी आमच्यांना तेच विचारून पाहिलं. माझ्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची, सांगता येईना. एकतीस वर्षांचा संसार, आणि माणूस चौथ्या प्रश्नालाच हद्दपार.

मग बेकरीवाला आणि त्याची बायको आले. ती समोरच्या लाँड्रीत इस्त्री करते, इथलीच. तो बाहेरून आलेला, बेकरीत भट्टीवर कामाला. दोघं जिना चढले तेच भांडत.

"ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नकोस, कितीदा सांगू?"

"तूच टाकला होतास."

"मी माझा टॉवेल ओळखते."

मुदतभाऊ हसला. त्याचं हसणं मी भिंतीतून पहिल्यांदा ऐकलं. यादी त्यानं खणात परत टाकली. "तुम्हाला काय शिकवायचं? खरं असेल ते सांगा, बास."

खात्यातल्या मुलाखतीत तिनं खरं सांगितलं. स्वयंपाक कोण करतं? "तोच करतो. मला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही." शेवटचं भांडण कधी झालं? "आज सकाळी."

पलीकडच्या खोलीत नवरा. परक्या साहेबासमोर बायकोला कसं उघडं पाडायचं? म्हणाला, "तीच करते, फार छान करते." भांडण? "आमच्यात भांडण होतच नाही, साहेब."

नऊ उत्तरं जुळली नाहीत. पत्र आलं, लग्न बनावट.

मी म्हटलं, अशी माती खरा नवराच खाऊ शकतो. खोटा असता तर पाठ करून आला नसता? मुदतभाऊनं अपिलात हेच लिहिलं, जरा बऱ्या भाषेत. मी त्यांच्या फोटोंच्या, भाडेचिठ्ठीच्या, लग्नाच्या दाखल्याच्या तीन-तीन प्रती काढल्या. सुनावणी अकरा मिनिटं चालली. अपील फेटाळलं. त्याच आठवड्यात बेकरीवाल्याला कामावरून उचलला, हाताला पीठ होतं तसाच, आणि परत पाठवायच्या माणसांना ठेवतात त्या इमारतीत नेला. गुरुवारचं विमान ठरलं.

मी चहा घेऊन गेले तर मुदतभाऊ उघड्या खणाकडे बघत बसलेला. मी सवयीनं म्हटलं, "बहिणीचं ऐकलं असतंत तर आज खरेदीखतं करत बसला असता."

"मावशी, दोन तास लागले असते," तो म्हणाला. "त्यांना पाठीला पाठ लावून बसवायचं. फक्त दोन तास."

इस्त्रीवाली समोरच बसली होती. म्हणाली, "साहेब, तो खोटं बोलला, त्याला तुम्ही काय करणार? आणि मी छान स्वयंपाक करते असं मला तरी कधी म्हणाला होता का तो?"

चहा तिघांचाही गार झाला.

बुधवारी शेवटची भेट होती. मुदतभाऊ होताच, तिनं मलाही सोबत नेलं. खिडकीतल्या क्लार्कनं तिनं भरलेला भेटीचा फॉर्म बघितला, मग त्याच्याकडची फाईल बघितली.

"नात्यापुढे 'पत्नी' लिहिलंय. इथं तर लग्न बनावट म्हटलंय. 'ओळखीची' लिहा. ओळखीच्यांना दहा मिनिटं, नातेवाइकांना अर्धा तास."

ती पेन उचलायला लागली. आठवडाभर मान खाली घालून वावरणारा मुदतभाऊ पुढे झाला.

"हा रकाना कुणी भरायचा?"

"म्हणजे?"

"तुमच्या मागच्या भिंतीवर सूचना आहेत. वाचा."

क्लार्क वळला. "फॉर्म भेटणाऱ्यानं स्वतः भरावा. हो, पण..."

"खालची ओळ."

"खाडाखोड चालणार नाही."

"तिनं स्वतः भरलाय. आता खाडाखोड तुम्ही करताय की मी करू?"

"अहो वकीलसाहेब, उद्या तर तो जाणारच आहे. एवढ्याशासाठी काय भांडताय?"

"एवढंसंच आहे ना? मग द्या."

मागे रांग वाढत होती. क्लार्कनं सुस्कारा सोडला, फॉर्मवर 'अर्धा तास' लिहिलं आणि शिक्का मारला. मुदतभाऊनं कागद उजेडाकडे धरला.

"फिका आलाय. आत अडवतील. परत मारा."

क्लार्कनं परत मारला.