दातात धरलेला स्क्रू ड्रायव्हर

यंत्र कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस.

हे वाचून तुम्ही जरा सावरून बसला असाल, तर त्यात तुमची चूक नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही सावरून बसले होते. सर ते म्हणायचेच तसं. आधी बंद फ्रिजच्या मागं उकिडवे बसायचे, तो चालू करायला लावायचे, लाकडी मुठीच्या लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डावा हात वर करायचे. हात वर गेला की शेडमधली पोरं श्वास धरायची. मग डोळे मिटून सर म्हणायचे, "मशीन खोटं बोलत न्हाय. ऐकून घेणारा पायजे."

मी हे ऐकलं त्या दिवशी फ्रिज नव्हता, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या केबिनमधला एसी होता. सरांनी बराच वेळ ऐकलं आणि पंख्याची बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. एसी खोलला तेव्हा आत चिमणीचं घरटं निघालं. त्यातली एक काडी पंख्याला लागत होती. सर जराही ओशाळले नाहीत. "बघा," ते म्हणाले, "मशीन खरंच बोलत हुतं. मलाच चिमणीचं कळलं न्हाय."

आमची संस्था म्हणजे कागलकडं जाणाऱ्या रस्त्यावरची एक पत्र्याची शेड आणि तिच्यापेक्षा मोठी कमान. कमानीवर अध्यक्षांचा फोटो होता. शेडमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्त करायला शिकवायचे. सर तेच शिकवायचे. मी त्याच पोरांना 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवायचे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दाराची बेल एकदाच वाजवावी, चपला बाहेर काढाव्यात, फ्रिज उघडल्यावर आतल्या आंब्यांकडं बघू नये आणि मुख्य म्हणजे हळू आवाजात बोलावं. यातलं शेवटचं किती अवघड आहे, हे कोल्हापुरात कुणाला पत्ता विचारलेल्या माणसाला सांगायला नको.

सरांची शिकवण साधी होती. "फ्रिज गार करत न्हाय," ते म्हणायचे. "आतली ऊब उचलून भाईर आणून टाकतोय. हमाल हाय त्यो. हमालाला आधी इचारायचं, बाबा, काय दुखतंय?" आणि ते खरंच विचारायचे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फ्रिजला ते 'पावणं' म्हणायचे. "या पावणं, बसा. काय होतंय?" मग दार उघडून आत डोकं घालायचे. तांब्याची नळी वाकवताना एखाद्या पोरानं ती चेपवली, तर सर रागावत नसत. ती चेपलेली नळी त्याच्या टेबलावर फुलदाणीसारखी उभी करून ठेवायचे. नीट वाकलेली नळी जमेपर्यंत ती तिथून हलायची नाही. काही टेबलांवर फुलदाण्यांची रांगच असायची.

त्या बॅचमध्ये एकच मुलगी होती, शिवलीला. कर्नाटक सीमेजवळच्या एका गावात तिच्या वडिलांचं शीतपेयांचं दुकान होतं. दुकानातला फ्रिज उन्हाळा लागला की बंद पडायचा आणि मेकॅनिक उन्हाळा संपल्यावर यायचा. शेवटी वैतागून वडिलांनी पोरीलाच शिकायला पाठवलं. तिचा आवाज शेडच्या पत्र्याला हादरे देणारा होता. एकदा घाईत ती सरांना 'अज्जा' म्हणून गेली. त्यांच्या घरात आजोबांना तसंच म्हणतात. पोरं हसली. सर म्हणाले, "हसताय काय? तुम्ही मागनं जे म्हणताय, त्यापरास हे बरं हाय की."

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरांच्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ जागा बदलत होती. आधी ती कानाला असायची. मग कानामागच्या हाडावर आली. दिवाळीनंतर बघते तर सरांनी ती सरळ दातात धरलेली. डोळे मिटलेले, डावा हात वर, आणि तोंडात लाकडी मूठ. मला वाटलं, ही या विद्येची वरची पायरी असावी. पोरांनाही तेच वाटलं. आठवड्याभरात सगळी बॅच फ्रिजच्या मागं बसून स्क्रू ड्रायव्हर चावायला लागली.

कोल्हापुरात माणूस बहिरा होत असेल तर ते कळायला वेळ लागतो. इथं कुणी हळू बोलतच नाही. सरांचं बिंग फुटलं ते माझ्या अभ्यासक्रमामुळं. वर्ष सरत आलं तशी माझी पोरं हळू बोलायला लागली होती. 'सर, जरा इकडे येता का?' असं अगदी मऊ आवाजात विचारायची आणि सर पाठ करून उभेच.

एकदा चहाच्या वेळी मी शेडमध्ये गेले. सर पाठमोरे बसून जुना कॉम्प्रेसर पुसत होते. त्यांच्या मागं काही हातांवर, नळ्या जोडायच्या बर्नरची गॅसची नळी सुटली होती आणि नागासारखी फुसफुसत होती. मला दारातून ऐकू येत होती. सर पुसतच होते. तेवढ्यात शिवलीला आली, झडप घालून सिलिंडरची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मग सरांच्या समोर जाऊन पत्रा हादरवत म्हणाली, "सर! चहा आलाय!"

"हळू की गं," सर म्हणाले. "बहिरा हाय काय मी?"

त्या दिवसापासून पोरांनी दोन आवाज ठेवले. माझ्या तासाला मऊ, सरांच्या तासाला मूळचा. गॅसचं काम सुरू असलं की शिवलीला चावीशेजारीच उभी राहायची. मीही सरांशी जरा वरच्या पट्टीत बोलायला लागले. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला थांबवून म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्यानं बोलायला लागलासा. म्हंजे कळलंय तुम्हाला."

मी मान हलवली.

सरांनी जेवणाचा डबा उघडला. वरच्या कप्प्यात चटणी असायची, तिथं कापसात गुंडाळलेलं कानाचं यंत्र होतं. "लेकीनं घेऊन दिलंय. घालून बघितलं. कॉम्प्रेसर पत्र्याच्या डब्यात खडं हलवल्यासारखा वाजतोय. माणसांचं ऐकाय चालंल, मशीनचं न्हाय." त्यांनी डबा बंद केला. "कानाचं दार लागलंय, पर हाडाचं उघडं हाय अजून. दातातनं कळतंय मला. अध्यक्षांच्या कानावर गेलं तर उद्या भाईर काढतील. एवढी बॅच पास होऊ द्या, बाई. परीक्षेपतूर."

"आणि गॅस?" मी मोठ्यानं विचारलं.

सरांनी डबा पिशवीत ठेवला. त्या दिवशी गॅसची नळी सुटल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "ती पोरगी चावीपाशी का हुबारती, ते म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय, परीक्षेपतूरच."

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांच्यासाठी अध्यक्षांनी हार, श्रीफळ आणि स्वतःचं भाषण तयार ठेवलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याची माणसंही त्या दिवशी येणार होती. जी पोरं पास होतील त्यांना लगेच कामावर घेणार होती. त्यामुळं पोरांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते आणि शेडमध्ये तेलाऐवजी अत्तराचा वास होता.

परीक्षक पुण्याचे, हळू बोलणारे. माझ्या अभ्यासक्रमातून सुटून आल्यासारखे. प्रत्येक पोराच्या टेबलाशी त्यांच्याबरोबर सरांनाही उभं राहायचं होतं. परीक्षकांनी पहिल्या पोराला विचारलं, "ही नळी गरम आहे, ही गार आहे. याचा अर्थ काय?"

मागच्या टेबलावरचा पोरगा ओरडला, "ही नळी गरम हाय, ही गार हाय, याचा अर्थ काय!"

परीक्षकांनी मान वर केली. मग सरांकडं वळून म्हणाले, "याचं वर्षभराचं काम कसं होतं?"

"याचं वर्षभराचं काम कसं हुतं!" दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला.

"चांगलं हुतं," सर म्हणाले.

दोन-तीन प्रश्न असेच गेले. परीक्षक प्रश्न विचारायचे आणि शेडच्या कुठल्यातरी टोकाकडून तो प्रश्न गर्जत परत यायचा. पोरांनी हे आधीच ठरवलं होतं. सर कुठल्याही बाजूला तोंड करून उभे असले तरी त्यांना ऐकू जावं, म्हणून चार कोपऱ्यांत चार आवाज वाटून घेतले होते. प्रेमानं केलेली इतकी गोंगाटाची व्यवस्था मी तरी दुसरी पाहिली नाही.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे काय चाललंय?" ते म्हणाले. "एकमेकांना खुणा करताय? ही सामूहिक कॉपी आहे. मी सगळी बॅच थांबवू शकतो."

या वेळी कुणी ओरडलं नाही. कारखान्याची माणसं दारात आली होती. अध्यक्षांच्या हातात हार होता आणि तो कुणाला घालायचा, हे त्यांना कळेनासं झालं होतं. सर सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना दिसत होतं, काय ते ऐकू येत नव्हतं. त्यांनी शिवलीलाकडं बघितलं. ती मान खाली घालून रडत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

सर माझ्याकडं वळले. "बाई, काय म्हणत्यात सायेब?"

मी मोठ्यानं सांगितलं. "पोरं कॉपी करतायत म्हणतायत. सगळ्यांची परीक्षा थांबवणार म्हणतायत."

सरांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "सायेब," ते म्हणाले, "कॉपी न्हाय ती. मला ऐकू येत न्हाय. तुम्ही काय इचारताय ते पोरं मला सांगालीत. मी बहिरा हाय. वरीस झालं, लपवून ठेवलंय. पोरांचा काय गुन्हा न्हाय."

मग डब्यातलं यंत्र काढून त्यांनी कानात घातलं. "आता पोरं गप बसतील. घ्या परीक्षा."

परीक्षकांनी घेतली. हळू आवाजात, पण जरा सावकाश. शेवटी शिवलीलाची पाळी आली. ती फ्रिजच्या मागं बसली, टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं, मूठ दातात धरली आणि डावा हात वर केला. परीक्षकांनी विचारलं, "हे दातात का?" तिनं मूठ काढून सांगितलं, "आमच्यात असंच ऐकत्यात, सर." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तिनं बिघाड बरोबर सांगितला. सगळी बॅच पास झाली. अध्यक्षांच्या हातातला हार अखेर परीक्षकांच्या गळ्यात पडला.

सरांचा निरोप समारंभ महिन्याभरात झाला. अध्यक्ष बराच वेळ बोलले. सरांच्या त्यागाबद्दल बोलले, संस्थेबद्दल बोलले, मग बरंचसं स्वतःबद्दल बोलले. सर पहिल्या रांगेत शांत चेहऱ्यानं बसले होते. भाषण सुरू होताच त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलेलं मी पाहिलं. सत्काराला जाताना इतकी उत्तम सोय बरोबर नेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि त्या दिवशी मला त्यांचा फार हेवा वाटला.

नंतर ते गारगोटीला लेकीकडं राहायला गेले. मधून एकदा भेटले तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून बसले होते. "बरं चाललंय पावण्याचं," एवढंच म्हणाले. गेल्या पावसाळ्यात ते गेले. शिवलीला आता गावाकडं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवते आणि दोन-तीन पोरांना शिकवतेही. सर गेल्याचा निरोप तिनंच फोनवर दिला. हळू आवाजात.

परवा आमचा फ्रिज बंद पडला. कुणीतरी दिलेल्या नंबरवर फोन केला तर एक अनोळखी तरुण आला. बेल एकदाच वाजवली, चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, बरं आहे. तो फ्रिजच्या मागं उकिडवा बसला, पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं आणि मूठ दातात धरली.

"तुम्हाला कानानं नीट ऐकू येतं ना?" मी विचारलं.

त्यानं मूठ काढली. "येतंय की. का वो?"

"मग हे दातात?"

"शिवलीलाक्कांनी शिकवलंय. असंच ऐकत्यात ह्ये. मशीन खोटं बोलत न्हाय, बाई."

त्यानं मूठ पुन्हा दातात धरली, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. मी श्वास धरून उभी राहिले. घरात कसलाही आवाज नव्हता. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मलाही त्याला उठवावंसं वाटेना.

शेवटी त्यानं डोळे उघडले, फ्रिजच्या मागं हात घातला आणि म्हणाला, "बाई, प्लग निघालाय."