खाडीच्या चित्रांचं गिऱ्हाईक

घिवलीच्या सुलूताई पाटलांच्या चित्रांत झाडं, होड्या, माणसं नसत. भरती-ओहोटीला खाडीचं पाणी आणि चिखल जसे रंग बदलतात, तेवढे रंगच त्या कॅनव्हासवर रुंद पट्ट्यांत चढवायच्या. काही वर्षांपासून खाडीत कारखान्यांचं तांबूस पाणी उतरू लागलं, तशी चित्रंही तांबडी झाली.

नेमकी तीच चित्रं बोईसरचे एक कारखानदार, धीरजशेठ, घेऊन जायचे. निळं-हिरवं एकही नाही. सुलूताईंच्या मनात पाल चुकचुकली.

"आवडत असतील त्यांना," नवरा बळवंत म्हणाला. "कशाला नाय ती शंका काढतेस?"

पण पाण्याचा पुरावा हा माणूस एकेक करून दडवतोय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्या न कळवताच त्याच्या ऑफिसात गेल्या.

चित्रं दडवलेली नव्हती. पाहुण्यांच्या खोलीत ती ओळीनं लावली होती आणि प्रत्येकाखाली पितळी पाटी होती : 'तारापूरचा सूर्यास्त'.

"हे सूर्यास्त नाहीत," सुलूताई म्हणाल्या.

"ताई, तुमच्या चित्रात ज्याला जे दिसेल ते खरं," धीरजशेठ हसले. "चहा घेणार ना?"

चहा न घेताच त्या परतल्या. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर, ओल्या रंगातच, त्यांनी ठसठशीत अक्षरं कोरली : 'खाडीचं पाणी'.

धीरजशेठ एकदा येऊन बघून गेले. पुन्हा फिरकले नाहीत. त्यातलं एक चित्र बळवंतनं मासळीबाजाराच्या भिंतीवर नेऊन लावलं.